सागरतळाचें संशोधन आणि देवमाशांचे कान

ज्ञानार्जन हें सत्कार्य आहे, ही गोष्ट शाळेंत शिकणाऱ्या कोणासही निराळी सांगावयास नको. परंतु एका सत्कार्यापासून दुसऱ्या कोणास, विशेषतः ज्यास तक्रार करण्यास वाचा नाहीं अशा जीवास, उपद्रव होत असेल तर काय करावें? सत्कार्य बंद करावें, कीं उपद्रवाकडे डोळेझांक करावी, कीं दोहोंच्या मध्यें कांहीं न्याय्य वाट आहे? हा प्रश्न केवळ तर्काचा नाहीं. समुद्राच्या तळाचें संशोधन करणारे शास्त्रज्ञ, देवमाशांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आणि कायदे करणारीं सरकारें, या सर्वांपुढें तो गेल्या कांहीं दशकांत प्रत्यक्ष उभा राहिला आहे. त्याच्या उत्तरादाखल कोणते नियम झाले, ते कसे चालतात आणि कोठें अपुरे पडतात, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें पाहूं कीं, समुद्रतळाच्या संशोधनासाठीं आवाज करावाच कां लागतो. जमिनीवर आपण बहुतेक ज्ञान डोळ्यांनीं मिळवितों. समुद्रांत डोळ्यांचा उपयोग फार थोडा. सूर्याचा भरपूर प्रकाश सुमारें २०० मीटर खोलीपर्यंतच काय तो मिळतो. त्याखालीं अंधार वाढत जातो, आणि १००० मीटरच्या खालीं तर सूर्यकिरणांचा मागमूसही नसतो. ध्वनीची गोष्ट याच्या उलट आहे. हवेंत ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यांत सुमारें १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. शिवाय खर्जांतल्या ध्वनीचा जोर पाण्यांत फार दूरपर्यंत टिकतो. म्हणून समुद्रांत पाहावयाचें म्हणजे ऐकावयाचें, असेंच म्हटलें पाहिजे. हें जसें माणसाला लागू आहे तसेंच देवमाशालाही लागू आहे. आणि दोघेही एकाच साधनावर अवलंबून आहेत, हेंच सर्व अडचणीचें मूळ होय.

संशोधनाची रीति अशी. जहाज आपल्या मागें, पाण्याखालीं कांहीं मीटर खोलीवर, पोलादी नळकांडीं ओढीत नेतें. त्यांना आपण हवेच्या तोफा म्हणूं. यांत दारूगोळा नसतो. दर चौरस इंचास सुमारें २००० पौंड, म्हणजे आपल्या भोंवतालच्या हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून अधिक, इतक्या दाबानें हवा भरलेली असते. झडप एकदम उघडली कीं ती हवा पाण्यांत उसळते व मोठा धक्का बसतो. या धक्क्याचा ध्वनि तळाशीं पोंचतो, तळ भेदून खालच्या खडकांत कित्येक किलोमीटर शिरतो, आणि निरनिराळ्या थरांवरून त्याचे प्रतिध्वनि परत येतात. जहाजामागें कित्येक किलोमीटर लांबीची एक दोरी तरंगत असते. तिच्यांत बसविलेले जलध्वनिग्राहक, ज्यांस हायड्रोफोन म्हणतात, ते हे प्रतिध्वनि टिपून घेतात. कोणता प्रतिध्वनि किती वेळानें आला याचें गणित करून थरांचें चित्र काढतां येतें. वैद्य रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून आंतली स्थिति ओळखतो, तसाच हा प्रकार. भेद एवढाच कीं, हें ठोकणें दर दहा सेकंदांपासून मिनिटापर्यंतच्या अंतरानें, रात्रंदिवस, कित्येकदां आठवडेच्या आठवडे चालतें.

या कामाचें महत्त्व कमी लेखूं नये. पूर्वीं यासाठीं पाण्यांत स्फोटक द्रव्यें उडवीत. अमेरिकेंतील भूशास्त्रज्ञ मॉरिस यूइंग (१९०६–१९७४) हे या विद्येच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकीं एक होत. पृथ्वीचें कवच लहानमोठ्या खंडांचें झालेलें असून ते खंड सतत सरकत आहेत, हा सिद्धांत आज भूगोलाच्या पुस्तकांत येतो. त्याला बळकटी देणारा पुरावा मिळाला तो बहुतांशीं समुद्रतळाच्या अभ्यासांतून. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुमात्राजवळ समुद्राखालीं भूकंप होऊन ज्या प्रचंड लाटा उठल्या, त्यांत हिंदी महासागराच्या कांठचीं दोन लाखांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. अशा भूकंपांचीं उगमस्थानें समुद्राखालच्या ज्या भेगांत असतात, त्या भेगा पाहण्याचा मुख्य उपाय म्हणजे हीच ध्वनीची परीक्षा. आपल्या घरच्याही एका गोष्टीचा येथें उल्लेख केला पाहिजे. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रांत जें तेलक्षेत्र बॉम्बे हाय या नांवानें प्रसिद्ध झालें, त्याचा तळाखालील उंचवटा १९६४ ते १९६७ या काळांत रशियन व हिंदी तज्ज्ञांना ‘अकॅडेमिक अर्खांगेल्स्की’ या जहाजावरून केलेल्या अशाच पाहणींत आढळला, आणि तेथें १९७४ सालीं तेल लागलें. तेलाचा शोध आणि शुद्ध शास्त्रीय संशोधन यांचे हेतु वेगळे. साधन मात्र एकच.

आतां दुसरी बाजू पाहूं. देवमासा हा नांवानेंच मासा आहे. तो फुप्फुसांनीं श्वास घेतो, पिलांस दूध पाजतो, आणि आपल्यासारखाच उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी आहे. डॉल्फिन हा त्याच्याच कुळांतला. सील मात्र वेगळ्या कुळांतला असला तरी तोही सस्तनच. निळा देवमासा व त्याच्यासारखे इतर बिनदातांचे मोठे देवमासे फार खर्जांत हांका घालतात. ह्या हांका इतक्या जाड्या असतात कीं त्यांतील बऱ्याचशा माणसाच्या कानाला कळतही नाहींत. त्या मात्र शेंकडों किलोमीटर जाऊं शकतात. दांत असलेले देवमासे व डॉल्फिन हे उलट फार तीव्र सुरांत टिकटिक करून, तिच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य व मार्ग शोधतात. म्हणजे संशोधक जहाज जें यंत्रानें करतें, तें हे प्राणी जन्मतःच करीत असतात. हवेच्या तोफांच्या ध्वनीचा मुख्य जोर खर्जांत असतो. अर्थात् बिनदातांचे देवमासे ज्या सुरांत बोलतात नेमक्या त्याच सुरांत. अटलांटिक महासागराच्या मध्यभागीं ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनीं ३००० किलोमीटरहून दूर उडविलेल्या तोफांचे आवाज टिपल्याचें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें, यावरून या ध्वनीच्या पल्ल्याची कल्पना येईल.

उपद्रवाच्या तीन पायऱ्या मानतां येतात. पहिली, आवाज मोठा झाल्यामुळें एकमेकांच्या हांका ऐकूं न येणें. जत्रेच्या गलबल्यांत आईची हांक मुलाला ऐकूं येऊं नये, तसें. दुसरी, घाबरून किंवा त्रासून नेहमींचा मार्ग, चरण्याची जागा अथवा पिलें वाढविण्याचें ठिकाण सोडणें. उत्तर ध्रुवाकडील समुद्रांत राहणारे बोहेड देवमासे शरद ऋतूंतील प्रवासांत अशा जहाजांपासून सुमारें २० किलोमीटर दूर राहतात, असें निरीक्षणांत आढळलें आहे. तिसरी पायरी म्हणजे तोफेच्या अगदीं जवळ असलेल्या प्राण्याच्या कानाला प्रत्यक्ष इजा होऊन तो तात्पुरता किंवा कायमचा बहिरा होणें. आंधळ्या मनुष्याला दुसऱ्याच्या आधारानें जगतां येतें. बहिऱ्या झालेल्या देवमाशास असा आधार कोठला?

येथें आणखी एका जातीविषयीं लिहिणें अवश्य आहे. चोंचीसारखें तोंड असलेल्या देवमाशांचा एक वर्ग आहे. त्यांतील एका जातीस फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांचें नांव मिळालें आहे. हे प्राणी खोल समुद्रांत राहतात, माणसाला क्वचित् दिसतात, व बुडी मारण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा सस्तन प्राणी नाहीं. क्यूव्हिए देवमाशानें २९९२ मीटर खोल बुडी मारल्याची नोंद २०१४ सालीं प्रसिद्ध झाली. आणि त्याच जातीच्या एका प्राण्याची ३ तास ४२ मिनिटांची बुडी २०२० सालीं प्रसिद्ध झाली. मार्च २००० मध्यें बहामा बेटांच्या किनाऱ्यावर एकदोन दिवसांत सतरा सागरी सस्तन प्राणी येऊन पडले. त्यांत बहुतेक या चोंचीच्या वर्गांतले होते. त्या वेळीं तेथें अमेरिकन आरमाराचीं जहाजें पाणबुड्या शोधण्याच्या ध्वनियंत्रांचा उपयोग करीत होतीं, आणि तींच यंत्रें या घटनेस बहुधा कारण झालीं, असें पुढें सरकारी चौकशींत ठरलें. तीं यंत्रें हवेच्या तोफांहून निराळीं होतीं, हें विसरतां कामा नये. तथापि मोठ्या आवाजानें हा प्राणी विशेष बाधित होतो, ही गोष्ट त्यामुळें सर्वांच्या मनावर ठसली.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २००२ मध्यें मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातांत जें घडलें तें महत्त्वाचें ठरलें. यूइंग यांचेंच नांव दिलेलें ‘मॉरिस यूइंग’ हें संशोधक जहाज तेथें वीस हवेच्या तोफा घेऊन काम करीत होतें. बाहा कॅलिफोर्निया हें द्वीपकल्प मुख्य भूमीपासून कसें फाटत गेलें, हा अभ्यासाचा विषय. जहाज अमेरिकन सरकारच्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या संस्थेच्या मालकीचें असून कोलंबिया विद्यापीठाची एक प्रयोगशाळा तें चालवी. त्याच सुमारास आखातांतील सान होसे बेटाच्या किनाऱ्यावर क्यूव्हिए जातीचे दोन देवमासे नुकतेच मेलेले आढळले. ते ज्यांना दिसले ते सुटींत तेथें आलेले सागरी जीवशास्त्रज्ञच होते, म्हणून ही गोष्ट बाहेर आली. मृत्यूचें कारण निर्विवादपणें सिद्ध झालें नाहीं. परंतु वेळ व स्थळ यांचा मेळ पाहून सेंटर फॉर बायॉलॉजिकल डायव्हर्सिटी या संस्थेनें सॅन फ्रान्सिस्को येथील संघीय न्यायालयांत फिर्याद केली. फिर्यादीचें म्हणणें असें होतें कीं, या कामापूर्वीं परिणामांची कायद्यानें सांगितलेली तपासणी झाली नाहीं, व प्राण्यांस होणाऱ्या उपद्रवाबद्दल परवानाही घेतला गेला नाहीं. काम अमेरिकेबाहेरच्या पाण्यांत चाललें आहे, असा बचाव करण्यांत आला. न्यायाधीश जेम्स लार्सन यांना तो पटला नाहीं, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांनीं काम तात्पुरतें थांबविण्याचा हुकूम दिला.

या निकालाचें मर्म वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. संशोधन वाईट आहे, असें न्यायालयानें म्हटलें नाहीं. हेतु उत्तम असला तरी आधीं विचारणें, तपासणें व परवानगी घेणें यांतून सुटका होत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ.

ज्या कायद्याचा येथें संबंध आला तो अमेरिकेचा सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. त्या अन्वयें या प्राण्यांस मारणें किंवा पकडणें तर निषिद्ध आहेच. पण त्यांना सतावणें हेंही निषिद्ध आहे. १९९४ सालच्या दुरुस्तीनें सतावणुकीचे दोन प्रकार केले: ज्यापासून शरीरास इजा होऊं शकते तो एक, व ज्यापासून चालचलणूक बिघडूं शकते तो दुसरा. दुसरें कांहीं वैध काम करतांना नकळत उपद्रव होण्याचा संभव असेल, तर आगाऊ अर्ज करून परवाना घ्यावा लागतो. त्यास दोन कसोट्या आहेत. उपद्रव पोंचणाऱ्या प्राण्यांची संख्या अल्प असली पाहिजे, आणि त्या जातीवर अथवा कळपसमूहावर होणारा परिणाम नगण्य असला पाहिजे. परवाना देण्यापूर्वीं प्रस्ताव सरकारी गॅझेटांत छापून लोकांस आपलें मत कळविण्यासाठीं तीस दिवसांची मुदत देतात. न्यायालयाच्या हुकमानंतर ‘मॉरिस यूइंग’च्या पाहण्यांसाठीं असे अर्ज येऊं लागले, आणि २०११ सालीं नॅशनल सायन्स फाउंडेशननें असल्या सर्व सागरी पाहण्यांच्या परिणामांचा एक विस्तृत अहवाल तयार करून प्रसिद्ध केला.

आवाज किती झाला म्हणजे फार झाला, हें ठरविण्यासाठीं आंकडा हवा. ध्वनीचा जोर डेसिबेल या मापानें मोजतात. येथें विद्यार्थ्यांस एक सूचना द्यावीशी वाटते: पाण्यांतील डेसिबेल व हवेंतील डेसिबेल हे निरनिराळ्या पायावर मोजलेले असतात, म्हणून त्यांची सरळ तुलना करूं नये. अमेरिकेंत बरींच वर्षें अशी वहिवाट होती कीं, देवमासे व डॉल्फिन यांच्या कानीं १८० डेसिबेलहून, आणि सीलच्या कानीं १९० डेसिबेलहून मोठा ध्वनि पडूं देऊं नये. १६० डेसिबेलपासून पुढें चालचलणूक बिघडते असें धरावें. जहाजाभोंवतीं किती अंतरापर्यंत १८० डेसिबेल ध्वनि पोंचेल याचा हिशेब करून तेवढें वर्तुळ राखून ठेवीत. परंतु सर्व प्राण्यांचे कान सारखे नसतात. म्हणून २०१६ सालीं श्रवणशक्तीप्रमाणें प्राण्यांचे गट पाडून कानाच्या इजेच्या निरनिराळ्या मर्यादा ठरविण्यांत आल्या, व २०२४ सालीं त्यांत पुन्हां सुधारणा झाली.

आतां जहाजावर प्रत्यक्ष काय चालतें तें पाहूं. त्यावर शिक्षण घेतलेले निरीक्षक नेमलेले असतात. त्यांचें काम संशोधन नव्हे, पहारा. तोफा सुरू करण्यापूर्वीं किमान अर्धा तास ते मोठ्या दुर्बिणींतून चहूंकडे समुद्र न्याहाळतात. कित्येक जहाजांवर पाण्यांत ध्वनिग्राहक सोडून देवमाशांच्या हांका ऐकणारे लोकही असतात. राखीव वर्तुळांत प्राणी नाहीं असें ठरल्यावर प्रथम एकच लहान तोफ उडवितात, आणि मग हळूहळू बाकीच्या जोडतात. दर पांच मिनिटांत ६ डेसिबेलहून अधिक वाढ होऊं नये, अशी अट पुष्कळ परवान्यांत असे. ६ डेसिबेल वाढणें म्हणजे ध्वनीचा दाब दुप्पट होणें. जवळपासच्या प्राण्याला दूर जाण्यास अवसर मिळावा, हा या सौम्य आरंभाचा उद्देश. पुढें काम चालूं असतां एखादा प्राणी वर्तुळांत शिरला, तर तोफा बंद करतात. तो बाहेर गेलेला दिसेपर्यंत किंवा ठराविक वेळ, जसें मोठ्या देवमाशासाठीं तीस मिनिटें, न दिसेपर्यंत त्या पुन्हां सुरू करीत नाहींत.

इंग्लंडांत अशा प्रकारचे नियम १९९५ सालींच निघाले होते, व २०१७ सालीं त्यांची नवी आवृत्ति निघाली. त्यांत ५०० मीटरांचें वर्तुळ सांगितलें आहे; पहारा अर्ध्या तासाचा, परंतु २०० मीटरहून खोल पाण्यांत पूर्ण तासाचा; आणि सौम्य आरंभ निदान वीस मिनिटांचा. तोफा एकदां सुरू झाल्यावर प्राणी जवळ आला तर त्या थांबविल्याच पाहिजेत, अशी सक्ति मात्र त्या नियमांत नाहीं. एकाच प्रश्नाला दोन सुधारलेल्या देशांनीं दिलेल्या उत्तरांत असा फरक पडतो, यावरून हें शास्त्र अद्याप घडत आहे असें समजावें.

हे नियम पुरेसे आहेत काय? आमच्या मतें ते अवश्य आहेत, परंतु पुरेसे नाहींत. पहारा डोळ्यांचा, पण रात्र पडली, धुकें आलें किंवा लाटा उसळल्या कीं डोळे काय करणार? ऐकणाऱ्यांचाही उपयोग प्राणी हांक घालील तेव्हांच. क्यूव्हिए देवमासा तास-तासभर पाण्याखालीं राहतो, मग अर्ध्या तासाच्या पहाऱ्यांत तो दिसला नाहीं म्हणून तो तेथें नाहीं असें कसें म्हणावें? शिवाय वर्तुळ राखतें तें कान फुटण्यापासून. हांका बुडून जाणें व घर सोडावें लागणें या गोष्टी वर्तुळाच्या फार पलीकडे घडतात. यास्तव जाणते लोक आणखी उपाय सुचवितात: प्राण्यांचा प्रवास व प्रसूति यांचे ऋतु टाळून काम करावें, त्यांच्या खास वस्तीच्या जागा वगळाव्या, कामाला पुरेल त्याहून मोठी तोफ वापरूं नये, आणि एकानें मिळविलेली माहिती इतरांस द्यावी, म्हणजे त्याच जागीं तीच पाहणी पुन्हां करण्याची पाळी येणार नाहीं.

शास्त्रज्ञांची अडचणही न्यायानें सांगितली पाहिजे. जहाजाचा प्रत्येक दिवस फार खर्चाचा असतो. एका प्राण्यासाठीं तोफा थांबल्या म्हणजे रेषा तुटते, व कधींकधीं मागें वळून ती पुन्हां ओढावी लागते. भूकंपाच्या भेगांचा नकाशा अपुरा राहिला तर त्याची किंमत पुढें माणसांना द्यावी लागेल, ही त्यांची भीति पोकळ नाहीं. परंतु या खर्चाचा विचार करतांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी. थांबल्यामुळें शास्त्रज्ञाचा जातो तो वेळ व पैसा. न थांबल्यामुळें प्राण्याचा जाईल तो कान, कदाचित् प्राणही. पहिलें नुकसान भरून काढतां येतें, दुसरें येत नाहीं. ज्याचें नुकसान भरून येण्यासारखें आहे त्यानेंच आधीं थांबावें, हाच न्याय.

आपल्या देशांतही वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा योगायोगानें १९७२ सालींच झाला, आणि देवमासे व डॉल्फिन यांना त्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादींत, स्थान आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिनांचे कळप पाहणारे आमचे पुष्कळ वाचक असतील, आणि क्वचित् वाळूवर येऊन पडलेला मोठा देवमासाही कोणीं पाहिला असेल. त्याच समुद्रांत तेलाच्या विहिरी आहेत, बंदरें आहेत, जहाजांची ये-जा आहे. तेव्हां वर वर्णिलेला प्रश्न परक्या देशाचा आहे, असें आम्हांस म्हणतां यावयाचें नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें भूशास्त्रज्ञ होतील, कोणी इंजिनिअर, कोणी वकील, कोणी सरकारी अधिकारी. त्यांच्या हातीं अशीं यंत्रें किंवा अशा यंत्रांचे परवाने येतील. त्या वेळीं त्यांनीं आधीं पाहावें, सौम्यपणें आरंभ करावा, आणि दुसऱ्यास इजा होते असें दिसतांच थांबावें. समुद्रावरच्या या नियमांचा सारा अर्थ एवढाच आहे, आणि तो शिकण्यासाठीं समुद्रावर जावयास नको. घरांत कोणी आजारी निजला असतां मुलांस हळू बोलावयास सांगणारे आईबाप तोच नियम रोज शिकवीत असतात.